मास्तर, मी तुझेच शब्द सांगितले

मास्तर, हल्ली मी भिंतीला पाठ टेकूनच बसतो. जेवताना, चहा पिताना, पारावर चार माणसांत बसताना, सगळीकडं. पाठ मोकळी राहिली की तू मागून बोलायला लागतोस. "उस्ताद, दमानं घे, म्हातारी उतरायलीय." परवा न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो. मागं दार उघडं. साफ ऐकू आलं. मी गर्रकन वळलो अन् वस्तरा कानाला लागला. न्हावी बिचारा हादरला. त्याला काय सांगणार, महिन्यामागं गेलेला माझा कंडक्टर दारात उभा राहून मला गाडी हळू घ्यायला सांगतोय म्हणून?

बाकीच्यांची गेलेली माणसं डोळ्यांपुढं येतात म्हणे. तू पाठीमागं येतोस. बरोबरच आहे म्हणा. एसटीत आपण वीस वर्षांच्या वर जोडीनं ड्यूटी केली, पण मी तुझं तोंड कितीसं बघितलं? माझं लक्ष रस्त्यावर, तू मागं गर्दीत. मला पाठ होता तो तुझा आवाज. इंजिनची घरघर, खिडक्यांचा खडखडाट, बायकांची भांडणं, रडणारी पोरं, पिशवीतल्या कोंबड्या, या सगळ्यातून तू मागच्या सीटवरून अर्धा शब्द टाकलास तरी मला पुरा कळायचा. तुझ्या गावाला, झरीला, कुणी उतरणार असलं तर तू तोंड उघडायच्या आत माझा पाय ब्रेकवर जायचा.

अन् आपला एक नेम होता. पॅसेंजरसमोर एकमेकाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. भांडायचं ते डेपोत जाऊन. आठवतं का, बोरीच्या स्टँडवरचं ते लग्नाचं वऱ्हाड? टपावर पलंग, कपाट, भांड्यांची पोती चढवायला लागले होते. मला कटकट नको होती. मी म्हणलं, "ब्रेक ढिले हायेत, टपावर वजन चालणार न्हाई." ब्रेक सकाळीच नीट करून घेतलेले, अन् ते तुला चांगलं माहीत होतं. पण नवरीचा मामा तुझ्याकडं आला तेव्हा तू तोंड एवढं लांब करून म्हणलास, "उस्ताद म्हणले म्हणजे ढिलेच. सकाळीच एक म्हैस वाचली." म्हैस कुठली आली रे मधीच! वऱ्हाडानं गुमान सामान उतरवलं. मग जिंतूरला कँटीनमध्ये तू मला जे धुतलंस! "नवरीचा पलंग रस्त्यावर ठिवून आलास लेका, कुठं फेडशील हे?" चहा गार होईपर्यंत शिव्या घातल्यास. पण वऱ्हाडासमोर एक शब्द नाही.

या नेमाची आठवण मी उगाच काढली नाही. त्यानंच आता माझा पिच्छा धरलाय.

तुझा आजार मला डॉक्टरच्या आधी कळला. म्हणजे आजार नाही कळला, घंटी कळली. तू दोरी ओढायचास ती कशी, खणखणीत. एक ठोका थांब, दोन ठोके चल. त्या पावसाळ्यात ठोके मऊ पडायला लागले. मी म्हणलं, "मास्तर, जेवला न्हाईस का?" तू म्हणलास, "दोरी ओली हाय." दोरी वाळली, दिवाळी आली, ठोके मऊच. मग तिकिटाच्या मशीनची बटणं तुझ्या बोटांचं ऐकेनात. मग जीभ. "चारठाणा" असं स्टॉपचं नाव घेताना तू अडायला लागलास, आवाज नाकातून यायला लागला. एक दिवस एका शहाण्यानं गाडीभर ऐकू जाईल असं म्हणलं, "कंडक्टर सकाळी सकाळीच टाकून आलाय वाटतं." तू! ज्यानं उभ्या जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही! मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं अन् म्हणलं, "कोण बोललं? उतर खाली." मागून तू म्हणलास, "उस्ताद, चल." ते "चल"सुद्धा लडबडलेलं होतं. मी चावी फिरवली. वळून तुझ्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी हैदराबादला धाडलं. मी रजा टाकून संगं आलो, तुझा पोरगा किशोर पुण्याहून थेट तिकडं आला. तिथं सुया टोचून, करंट देऊन तुझ्या नसा तपासल्या. मग मोठ्या डॉक्टरांनी समोर बसवून नाव सांगितलं, मोटर न्यूरॉन डिसीज. मी भांबावून म्हणलं, "साहेब, मोटर माझ्याकडं असती. हे कंडक्टर हायेत." ते हसले नाहीत, तूच हसलास. त्यांनी सबुरीनं समजावलं. मेंदूचा निरोप स्नायूंना पोचवणाऱ्या नसा वाळत जातात. हात, पाय, जीभ, गिळणं अन् शेवटी श्वास. बरं करणारं औषध अजून निघालेलं नाही, एक गोळी आहे ती थोडं लांबवते. पण माणूस सुखानं राहावा म्हणून करण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणले, हात टेकू नका. "अन् यांचं डोकं?" मी विचारलं. म्हणले, "बहुतेकांचं शेवटपर्यंत साबूत राहतं."

परतीच्या गाडीत तू खिडकीपाशी बसून म्हणलास, "डोकं साबूत राहणार म्हणं. तेच पयले गेलं असतं तर बरं झालं असतं."

मी म्हणलं, "होतं कवा तुला?"

तू हसायला लागलास. हसत राहिलास. थांबेचनास. डोळ्यातून पाणी, पोट धरलेलं, समोरच्या बाकावरची माणसं बघायला लागली. मला वाटलं, काय भारी बोललो मी! ते हसणं तुझं नव्हतं, आजाराचं होतं, हे मला मागून कळलं. आत काही नसताना हसू फुटायचं, आत काही नसताना रडू फुटायचं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ह्याला मनावर घेऊ नका. पण तुझ्या चुलत्याच्या मातीला तू खिदळलास, अन् त्या घरानं तुमच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. मी दारोदार जाऊन सांगितलं की आजार आहे तो. लोक मान डोलवायचे अन् मी वळलो की कुजबुजायचे.

माझी नोकरी संपली तेव्हा तुझे पाय गेले होते. घरी बसून मी करणार काय? रोज सकाळी जिंतूरहून गाडी धरायची अन् झरीला उतरायचं, हीच माझी ड्यूटी झाली. मी पॅसेंजर म्हणून बसायचो अन् मनातल्या मनात ड्रायव्हरच्या चुका काढायचो. वहिनी तोवर तुला उठवून बसतं केलेल्या असायच्या. सुमनवहिनींनी सगळं शिकून घेतलं होतं रे. पाणी पातळ असलं की तुला ठसका लागायचा, म्हणून घट्ट आंबील. वरण घोटून घोटून लोण्यासारखं. गिळताना हनुवटी छातीकडं. मान पडते म्हणून पट्टा, पाठीला उशा, कूस दर थोड्या वेळानं बदलायची. आम्ही दोघं मिळून तुला उचलायचो तेव्हा त्या म्हणायच्या, "भाऊजी, तुमी पाय धरा, डोकं माझं." तुझं डोकं कुणाच्या हाती द्यायच्या नाहीत.

सल्ले देणाऱ्यांची तर जत्राच. कुणी म्हणे करणी, कुणी म्हणे लकवा. तुझा एक पाव्हणा उंटाच्या चरबीचं तेल घेऊन आला, म्हणे सात मंगळवार चोळा. तू खाटेवरून काहीतरी बोललास. पाव्हणा वहिनीकडं बघतो, वहिनी माझ्याकडं. मी जसंच्या तसं सांगितलं, "मास्तर म्हणायलेत, आधी उंटाला चोळ, तो पळतो का बघ." पाव्हणा तेल घेऊन गेला तो परत आला नाही. तू मात्र खूश. ते हसणं तुझं होतं, मला फरक कळायचा.

मला सगळंच कळायचं, तिथंच घोळ झाला. तुझं बोलणं म्हणजे नुसता घोगरा ओघ राहिला होता, शब्दाला शब्द चिकटलेला. किशोरला कळेना, डॉक्टरला कळेना, वहिनींना कळेना. इंजिनच्या आवाजातून तुला ऐकायची सवय फक्त मला. डॉक्टरीणबाईंनी अक्षरांचा तक्ता दिला होता, डोळ्यानं अक्षर दाखवायचं अन् समोरच्यानं जुळवायचं. तू थोडे दिवस केलंस अन् मग म्हणलास, "मी काय पहिलीत हाय का?" लय समजावलं, बाईंनीही समजावलं. तुझी जिद्द. मग मीच तुझा तक्ता झालो. वहिनी हातात पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या. "काय म्हणले?" "ऊन आलं, खाट सरकवा म्हणतोय." "आता काय म्हणले?" "गाय हंबरायलीय, पाणी दावा तिला."

एकदा त्या म्हणल्या, "भाऊजी, माझं लगीन झालं तवापासून ह्यांच्या मनातलं मला न बोलता कळायचं. आता बोललेलं बी कळत न्हाई. माझ्याच घरात माझ्याच नवऱ्याचं मला दुसऱ्याला इचारावं लागायलंय." तू डोळे मिटून घेतलेस.

मी तेव्हाच ठरवलं होतं, ह्यात आपलं पदरचं काही घालायचं नाही. गोड असो, कडू असो, जसं आलं तसं द्यायचं. तिकीट जिथलं, तिथंच उतरवायचं.

मग श्वास आखडायला लागला. नाकातोंडावर लावायचं मशीन आणलं, ते तू घेतलंस. लाइट जाते म्हणून किशोरनं इन्व्हर्टर बसवला. बरं चाललं होतं. तुझ्या गालावर पट्ट्याचे वण उठायचे अन् वहिनी त्यावर खोबरेल लावायच्या. पण बाईंनी पुढचं आधीच सांगून ठेवलं होतं. हे मशीन पुरेनासं झालं की गळ्याला छिद्र पाडून नळी घालता येते, श्वास पुरा मशीनवर. त्यात काळ निघतो, कुणाचा बराच निघतो. पण माणूस चोवीस तास उशाशी पाहिजे, नळीतला कफ ओढायला, लाइटवर नजर ठेवायला. घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं अन् वेळेवर ठरवायचं.

यावरून आपण भांडलो. आयुष्यातलं सगळ्यात वाईट भांडण, अन् तेही एकजण खुर्चीत बांधलेला. मी म्हणलं, "घे मशीन. लाइटचं मी बघतो, माणूस ठिवू, मी हायच."

तू म्हणलास, "तू ड्रायव्हर हायेस, देव न्हाईस."

"लय स्वार्थी हायेस."

"अन् तू?"

"हाय मी स्वार्थी. मला तू पाहिजेस. मी कुणाशी बोलू?"

तुझ्या डोळ्यातून पाणी आलं. ते कुणाचं होतं, तुझं की आजाराचं, मला त्या दिवशी नाही ओळखता आलं. तू म्हणलास, "उद्या भांडू." मी गाडी धरून घरी आलो. त्या उद्याला आपण भांडलो नाही, परवाला पण नाही. ते भांडण अजून तसंच पडलंय मास्तर. मी आजही म्हणतो, तू मशीन घ्यायला पाहिजे होतंस.

अन् म्हणूनच त्या दिवशी माझी जीभ जड झाली. बाईंच्या खोलीत वहिनी होत्या, मी होतो, किशोर फोनवर. बाई खुर्ची ओढून तुझ्या तोंडासमोर बसल्या अन् त्यांनी सगळं पुन्हा सांगून विचारलं, "तुमची स्वतःची इच्छा काय?" तू माझ्याकडं बघितलंस. बोललास. मी म्हणलं, "परत बोल." परत तेच बोललास. मी माझ्या तोंडानं, माझ्या मनाच्या उलट, सांगितलं, "मशीन नको म्हणतोय. घरीच राहू द्या म्हणतोय."

वहिनी म्हणल्या, "कामून? इचारा की त्यांना."

तू सांगितलंस. मी तसंच पुढं दिलं, "म्हणतोय, सुमननं अजून किती वाळावं? माझ्या श्वासापायी तिचा श्वास नको."

अन् तू हसलास. फुटला तुझा तो बांध, खुर्ची हलायला लागली, लाळ गळायला लागली, हसतोयस, हसतोयस. वहिनी उठून उभ्या राहिल्या. "हसायलेत ते! हसत हसत असलं कुणी बोलतं का? माझं नाव घेऊन? भाऊजी, हे ह्यांचं न्हाई. हे तुमचं हाय."

बाईंनी तू शांत होईपर्यंत वाट बघितली. मग विचारलं, "यांनी बरोबर सांगितलं असेल तर डोळे मिटा." तू मिटलेस. पुढच्या वेळी त्यांनी मला बाहेर बसवून पुन्हा विचारलं, तेव्हाही मिटलेस. बाईंना काही शंका राहिली नाही. पण वहिनी बाहेर आल्या अन् मला म्हणल्या, "तुमी एकदा बोलून गेलाव. आता ते न्हाई कसं म्हणतील? जन्मभर लोकात तुमचा शब्द खाली पडू दिला न्हाई त्यांनी."

एवढ्या वर्षांत आपल्या नेमाबद्दल मी बाहेर कुणाशी बोललो नव्हतो. तूच घरी बढाई मारली असशील.

तू गेलास ती सकाळची वेळ, मी येत होतो, बोरीच्या पुढं. बाईंनी धाप कमी करायची औषधं देऊन ठेवली होती, तडफडला नाहीस म्हणे. तेवढं देवानं केलं. मी फाट्यावरून चालत आलो तर दारात माणसं. वहिनी ओट्यावर बसलेल्या. रडत नव्हत्या. मला बघून म्हणल्या, "या भाऊजी. इचारा त्यांना. काय म्हणायलेत ते आता?"

मास्तर, लय रागावलोय मी तुझ्यावर. सगळ्या जगाचं ओझं तू माझ्या जिभेवर ठेवलंस अन् उतरून गेलास. दहाव्याला, तेराव्याला वहिनींनी माझ्याकडं बघितलं नाही. पाहुण्यांत कुणीतरी म्हणलंच, "ड्रायव्हरनं सांगितलं म्हणून मशीन लावलं न्हाई." अन् तेव्हापासून तू पाठीमागं आहेस. मी विचारायचो, अन् तू नुसतं दमानं घे, दमानं घे. मला एकच कळायला पाहिजे होतं. तू पहिल्यांदा बोललास ते मी नीट ऐकलं, त्यात माझा कान खोटा नाही. पण नंतर डोळे मिटलेस ते खरंच तुझ्या मनानं, की चारचौघांत उस्तादचा शब्द राखायचा म्हणून? मधल्या दिवसांत तुझं मन फिरलं असलं तर? ब्रेक नीट असताना तू वऱ्हाडाला ढिले सांगितलेस. म्हैस वाचली म्हणलास. तू काहीही निभावून नेणारा माणूस. जिवावर बेतलं तरी नेलं असतंस का? सांग ना, म्हणायचो, आता कुणी पॅसेंजर नाही, आता तर आपण दोघंच आहोत.

गेल्या आठवड्यात किशोरचा फोन आला. "काका, आई जेवत नाही. माझं ऐकत नाही, शेजारच्यांचं ऐकत नाही. तुम्ही एकदा जाऊन बघता का?" मी म्हणलं, माझं तोंड तिला नको आहे बाबा. तो म्हणला, "तरी जा." गेलो.

तुझी खाट काढून टाकली आहे. तिथली फरशी वेगळ्या रंगाची दिसते. वहिनी तिथंच बसल्या होत्या, निम्म्या झाल्यात. मी उंबऱ्यात टेकलो. मग मी म्हणलं, "जेवलाव का?" उलट त्यांनीच विचारलं, "भाऊजी, वरीसभर ते तुमच्याशीच बोलले. माझ्याबद्दल कधी काय बोलले का?"

मास्तर, मी त्या तोंडाकडं बघितलं अन् माझा नेम सुटला. तुझ्या नावावर मी पहिल्यांदा पदरचं वाक्य घातलं. म्हणलं, "हाव, बोलायचा की. म्हणायचा, सुमन होती म्हणून मी जगलो. पुढच्या जन्मी बी हीच मिळू दे."

वहिनींनी मान हलवली. "हे त्यांचं न्हाई."

"कामून?"

"पुढचा जन्म? मी वडाला दोरा गुंडाळून घरी आले की ते मला म्हणायचे, 'झालं का माझं पुढचं रिझर्व्हेशन? खिडकीची जागा मिळाली का बघ.' असलं सरळ गोड ते मला कधी बोलले न्हाईत, अन् तुमच्या हाती धाडतील व्हय? हे तुमचं हाय भाऊजी. माझी कीव आली म्हणून बोललाव."

मी खाली मान घातली. तरी तोंडातून निघूनच गेलं, "मग वहिनी, त्या दिवशी दवाखान्यातलं?"

त्या म्हणल्या, "ते त्यांचं होतं."

"अन् डोळे मिटले ते?"

"ते बी त्यांचंच. बाईंनी तुमाला बाहेर बसवलं ना, तवा मी त्यांच्या म्होरंच होते. मिटायच्या आधी त्यांनी माझ्याकडं बघितलं. माणसाला आपल्या नवऱ्याचे डोळे कळत न्हाईत व्हय? तुमचा शब्द राखायला न्हाई मिटले. मला रजा मागायलते ते."

"मग मला महिनाभर..."

"मग काय करू?" वहिनींचा आवाज चढला. "ते त्यांचं मानलं तर माझ्यापायी गेले असं मानावं लागतं. माझं नाव घेतलं त्यांनी भाऊजी, भरल्या खोलीत! सुमन वाळायलीय म्हणून मशीन नको! मी म्हणले होते का वाळायले म्हणून? मी कटाळले होते का? मी दहा वर्सं केलं असतं. मला इचारायचं तरी!" अन् मग त्या रडल्या. तू गेल्यापासून एकदाही रडल्या नव्हत्या, किशोर म्हणला होता. "तुमच्यावर तरी राग काढता येत होता. त्यांच्यावर कसा काढू?"

"माझ्यावरच काढा," मी म्हणलं. "मी बी त्याच्यावर रागावलेलोच हाय." मला पण रडू आलं. लाज कसली.

जरा वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं. म्हणल्या, "आता खरं सांगा. काय बोलायचे? शिव्या असल्या तरी चालतील."

खरं एक होतं मास्तर. ते तू सांगू नको म्हणला होतास. मी इतके दिवस नाही सांगितलं. पण आता तुझं काय ऐकायचं? मी सांगितलं. "वहिनी, शेवटी शेवटी तो म्हणायचा, सुमनच्या वरणाला मीठ न्हाई. रोजच नसतं. मी म्हणलं, सांगू का तिला? तर माझ्यावर डोळे वटारले. म्हणला, सांगू नको. ती वरण करती, मला भरवती, अन् सोता जेवतच न्हाई. जेवली असती तर तिला कळलं असतं."

वहिनी उठल्या. आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात दोन ताटं होती. एक माझ्यासमोर सरकवलं. दुसरं घेऊन भिंतीशी बसल्या, बोट वरणात बुडवून चाखलं, परत आत जाऊन मीठ आणलं, अन् भाकरीचा तुकडा मोडला.

मास्तर, वहिनी जेवल्या.